ताओ, मार्ग आणि वाट

तुमच्या घरात लोणच्याची बरणी चिनीमातीची असेल. सकाळचा चहाही मुळात त्याच देशातला. चिनी माणूस त्याला 'चा' म्हणतो आणि पोर्तुगीजही तसेच म्हणतात. ज्यांनी शाकुंतल वाचले आहे त्यांना ध्वजाचे चीनांशुक, म्हणजे चिनी रेशीम, आठवेल. वडीलधाऱ्यांना सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतील. १९३८ साली ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथेच वारले. त्यानंतरची आठवण १९६२ ची, आणि ती कडू आहे. एक बरणी, एक पेय, एक वस्त्र, एक डॉक्टर आणि एक युद्ध, एवढ्या सामग्रीवर आपल्या मनातला चीन उभा आहे. चिनी माणसाने विचार काय केला, हे त्यात कुठेच येत नाही.

मराठी माणसांनी चिनी भाषा शिकून मोठे काम केलेले आहे. त्या कामाची ओळख करून देणे हा या व्याख्यानाचा एक हेतू. दुसरा हेतू थोडा अवघड आहे. ते काम करताना आपण चीनमध्ये नेमके कोणाला शोधत होतो, असा प्रश्न मला विचारायचा आहे. माझे उत्तर आधीच सांगतो: आपण बहुतेक वेळा स्वतःलाच शोधत होतो. त्यात गैर काही नव्हते. पण त्यामुळे एक दार उघडायचे राहून गेले.

प्रारंभ एका प्रवाशापासून करू. अणशी म्हटले की आधी घाट डोळ्यांपुढे येतो. कद्र्याकडून वर चढणारी वळणे, दोन्ही अंगांचे रान आणि पावसाळ्यात रस्त्यावर उतरणारे पाणी. या भागात जुनी असलेली मराठी घराणी कधी ना कधी कुठल्यातरी वाटेने इथे आली आणि राहिली. सातव्या शतकात असाच एक माणूस दक्षिणेकडून उत्तरेकडे निघाला होता. चिनी भिक्षू ह्युएन त्संग द्रविड देशातून कोंकणपूर नावाच्या देशात आला आणि तिथून महाराष्ट्रात गेला. हे कोंकणपूर कोणते, यावर विद्वानांचे एकमत नाही. काहींनी ते आपल्याच जिल्ह्यातल्या बनवासीला मानले, काहींनी आणखी पूर्वेला. त्या देशातली एक गोष्ट मात्र त्याने आवर्जून नोंदवली: राजधानीजवळ तालवृक्षांचे मोठे वन आहे आणि त्यांची पाने सर्वत्र लिहिण्यासाठी वापरतात. ग्रंथ गोळा करायला निघालेल्या माणसाचे लक्ष कागदाच्या झाडांकडे जावे, हे साहजिकच. पुढे महाराष्ट्रात त्याला पुलकेशीचे राज्य दिसले. इथली माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असा अभिप्राय त्याने लिहून ठेवला. आपल्या शाळेच्या पुस्तकांतून तो आपल्याला ठाऊक आहे.

शाळेच्या पुस्तकात नसलेली गोष्ट पुढची आहे. ह्युएन त्संग इ.स. ६४५ मध्ये ग्रंथांचे ओझे घेऊन छांगआनला परतला. दोन वर्षांनी, ६४७ मध्ये, बादशहाने त्याला एक वेगळेच काम सांगितले. कामरूपच्या, म्हणजे आसामच्या, भास्करवर्मा राजाने चिनी वकिलाकडे लाओ-त्सेच्या ग्रंथाची मागणी केली होती. तो ग्रंथ संस्कृतात करून पाठवायचा होता. आयुष्यभर संस्कृताचे चिनी करणाऱ्या माणसाला उलटे काम मिळाले. त्याच्याबरोबर ताओपंथी पंडित बसवले गेले, आणि ग्रंथाच्या अगदी मुख्य शब्दावरच वाद जुंपला. 'ताओ' या शब्दाला संस्कृत शब्द कोणता?

छंग श्वानयिंग हा ताओपंथी पंडित म्हणाला, 'बोधी' घ्या. त्याच्या बोलण्याला आधार होता. बौद्ध ग्रंथांच्या आरंभीच्या चिनी भाषांतरकारांनी 'बोधी'साठी 'ताओ' हाच शब्द वापरला होता, आणि 'निर्वाणा'साठी काही वेळा लाओ-त्सेचाच 'वू-वेइ', म्हणजे खटाटोप न करणे, हा शब्द घेतला होता. ह्युएन त्संगने ते मानले नाही. बोधी म्हणजे जागे होणे. ताओ म्हणजे चालण्याचा रस्ता. तेव्हा संस्कृतात 'मार्ग'च म्हटले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. बौद्ध परिभाषेच्या आधाराने लाओ-त्सेचा अर्थ लावण्यालाही त्याचा विरोध होता. दोन दर्शने वेगळी आहेत, त्यांची सरमिसळ करू नये, असे त्याचे म्हणणे होते. हा वाद ताओश्वान या त्याच काळातल्या बौद्ध ग्रंथकाराने नोंदवून ठेवला, म्हणून आपल्याला कळतो. त्या संस्कृत लाओ-त्सेचा मागमूस मात्र भारतात कुठे लागत नाही.

'ताओ' म्हणजे 'मार्ग', हे समीकरण लक्षात ठेवा. तेरा शतकांनी ते पुण्यात पुन्हा भेटते, उलट्या दिशेने.

गोव्यातल्या साखवाळ गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद कोसंबी जन्मले. बुद्धाचे खरे म्हणणे काय हे जाणण्यासाठी त्यांनी १८९९ मध्ये घर सोडले आणि पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी पायपीट केली. ती हकीकत त्यांच्या 'निवेदन' या आत्मचरित्रात आहे. सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपयांची वृत्ती दिली. १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. त्यांच्या विद्वत्तेचा मोठा भाग बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाला वाहिलेला होता. हार्वर्डची त्या ग्रंथाची आवृत्ती त्यांनी तपासली. ती छापून आली १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.

पुरुषोत्तम विश्वनाथ बापट हे कोसंबींचे फर्ग्युसनमधले विद्यार्थी. १९२४ मध्ये त्यांनी 'सुत्तनिपात' देवनागरीत छापला. पुढे हार्वर्डला जाऊन ते चिनीकडे वळले. त्याचे कारण गुरूच्याच ग्रंथात होते. 'विसुद्धिमग्गा'सारखाच 'विमुत्तिमग्ग' नावाचा एक ग्रंथ उपतिस्स नावाच्या आचार्याने रचला होता. मूळ पाली हरवले. पण फूनान देशातून, म्हणजे आजच्या कंबोडियाच्या बाजूने, चीनला गेलेल्या संघपाल नावाच्या भिक्षूने सहाव्या शतकाच्या आरंभी केलेले चिनी भाषांतर टिकले. गुरूने एका भावाची सेवा केली आणि शिष्य दुसऱ्या, हरवलेल्या भावाला शोधायला परक्या लिपीत शिरला. बापटांचा दोन्ही ग्रंथांचा तौलनिक अभ्यास १९३७ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी, १४ एप्रिल रोजी, शांतिनिकेतनात तान युन-शान यांच्या प्रयत्नांतून चीना भवन उघडले. भारतात चिनी विद्येची ती पहाटच होती.

आता त्या चिनी ग्रंथाचे नाव पाहा: 'ज्येत्वो ताओ लुन'. ज्येत्वो म्हणजे विमुक्ती, लुन म्हणजे शास्त्र, आणि मधला शब्द ताओ. संघपालाने 'मग्ग'चा 'ताओ' केला होता; बापटांनी 'ताओ'चा पुन्हा 'मग्ग' केला. पानापानावर त्यांचे काम हेच होते, चिनी अक्षरामागे उभा असलेला पाली शब्द ओळखणे. हे काम किती कठीण आहे, याची कल्पना करा. छाप्यावरून ठसा नव्हे, ठशावरून छापा घडवायचा. बापटांनी ते आयुष्यभर केले. 'सुत्तनिपाता'तल्या अट्ठकवग्गाचे तिसऱ्या शतकातले चिनी रूप त्यांनी इंग्रजीत आणले. वयाच्या पंचाहत्तरीनंतर, १९७० मध्ये, जपानी पंडित हिराकावा यांच्याबरोबर त्यांनी विनयावरील एका टीकेचे चिनी भाषांतर इंग्रजीत आणून भांडारकर संस्थेतर्फे प्रसिद्ध केले. ती चिनी प्रत इ.स. ४८९ ची. तिच्याशी एक परंपरा जोडलेली आहे: बुद्धाच्या निर्वाणापासून दर वर्षावासाच्या शेवटी पोथीत एक ठिपका द्यायचा, आणि ४८९ मध्ये ते ठिपके ९७५ भरले होते. बुद्धाचा काळ ठरवताना विद्वानांना या ठिपक्यांचा विचार करावाच लागला.

बापट एकटे नव्हते. फर्ग्युसनचेच वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी १९३० मध्ये बॉन येथे उल्लंघ नावाच्या आचार्याचे प्रतीत्यसमुत्पादावरचे शास्त्र चिनीवरून जर्मनमध्ये आणले होते. स्वातंत्र्याच्या सुमारास पेकिंगला शिकायला गेलेल्यांत वसंत परांजपे होते. १९५४ मध्ये नेहरू आणि माओ यांच्या भेटीत ते दुभाषा होते. म्हणजे चिनी लिहिणारी, वाचणारी आणि बोलणारी मराठी माणसे आपल्यात होती. त्यांची संख्या थोडी होती, पण प्रत मोठी होती.

या विद्वानांपैकी बापट आणि गोखले यांच्या कामाचा विषय काय होता? उपतिस्स, उल्लंघ, अट्ठकवग्ग. सगळे आपले. चिनी भाषा ही त्यांच्यासाठी एक भक्कम कोठार होती. आपल्या घरातून हरवलेले दागिने तिथे जपून ठेवलेले होते. परक्या सत्तेच्या काळात स्वतःचा वारसा हुडकणाऱ्या पिढीने आधी हेच करावे, हे रास्तच होते. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण कोठारात जाऊन आपला ऐवज उचलून आणायचा आणि कोठारवाल्याशी दोन शब्दही बोलायचे नाहीत, असे आपल्या हातून झाले. कन्फ्यूशियस, मो-त्से, मेन्शियस, च्वांग-त्से ही नावे आपल्याकडे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात राहिली. लाओ-त्से आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती येतो तो इंग्रजीच्या वळणाने. १९६२ नंतर तर कोठाराची वाटही जवळजवळ बंद झाली.

आणि या विचारवंतांना आपण वाचतो तेव्हाही एक खोड आड येते. त्याचे एक उदाहरण देतो. लाओ-त्सेच्या ग्रंथाच्या ८१ लहान प्रकरणांत एक प्रकरण रिकामेपणाविषयी आहे. चाकाचे आरे तुंब्यात येऊन मिळतात, पण चाक चालते ते तुंब्यातल्या पोकळीमुळे. माती मळून भांडे करतात, पण उपयोग होतो तो आतल्या रिकाम्या जागेचा. घराला दारे-खिडक्या पाडतात, आणि राहता येते ते त्या मोकळीकीमुळे, असा त्याचा आशय. मराठी वाचक हे वाचतो आणि लगेच म्हणतो, अहो, हे तर आमचे घटाकाश! आणि पुस्तक मिटतो.

पण हे घटाकाश नाही. वेदान्ती माणूस घटातले आकाश दाखवतो ते घट फुटावा म्हणून. घट फुटला की आतले आणि बाहेरचे आकाश एकच होते असे कळते, आणि जीव-ब्रह्माचे ऐक्य मनावर ठसते. लाओ-त्सेला घट फोडायचा नाही. त्याला तो वापरायचा आहे. माती आणि पोकळी दोन्ही त्याला हव्यात. असलेल्याने सोय होते आणि नसलेल्याने उपयोग होतो, एवढेच त्याला म्हणायचे आहे. त्याची नजर स्वयंपाकघरावर आहे आणि त्यामागे राज्यकारभारावर: राज्यकर्त्याने किती जागा रिकामी ठेवावी, किती ठिकाणी हात घालू नये. आपली लोणच्याची बरणी समोर ठेवून दोन्ही दृष्टान्त म्हणून पाहा. एक फुटल्यावर अर्थ देतो, दुसरा भरल्यावर. ह्युएन त्संग सरमिसळ करू नका म्हणाला होता, तो बौद्धांच्या बाजूने. आपण तीच शिस्त लाओ-त्सेच्या बाजूने पाळली पाहिजे.

ती पाळली तर काय हाती लागते? तुमच्यासारख्या जुन्या घराण्यांना अगदी जवळचा असा एक प्रश्न घेऊ. कुलाचारातले काय ठेवावे आणि काय सोडावे, यावर प्रत्येक घरात वाद होतो. पंचविशी-तिशीतली मुले एका बाजूला, आजी दुसऱ्या बाजूला. कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१ ते ४७९) हा ज्या लू राज्यात वाढला तिथेही जुने विधी मोडत चालले होते. त्याला आपल्याकडे कर्मठ समजतात. पण त्याच्या शिष्यांनी जमवलेल्या 'लुन यू' या वीस भागांच्या संवादग्रंथातला एक प्रसंग पाहा. विधीच्या वेळी वाखाच्या बारीक सुताची टोपी घालायची जुनी रीत होती. ती विणायला फार खटपट पडे, म्हणून लोक रेशमाची घालू लागले. कन्फ्यूशियस म्हणतो, यात बचत आहे. मी लोकांबरोबर जातो. दुसरी रीत अशी की राजाला नमन करायचे ते पायऱ्या चढण्याआधी, खाली उभे राहून. लोक आता वर जाऊन करू लागले होते. यावर तो म्हणतो, हा उद्दामपणा आहे. सगळे विरुद्ध गेले तरी मी खालूनच नमन करीन.

वाचकहो, या दोन वाक्यांच्या मध्ये कुलाचाराचे एक अख्खे शास्त्र आहे. रीत बदलली का, हा त्याचा प्रश्नच नाही. कशामुळे बदलली, हा आहे. मुकटा महाग म्हणून धूतवस्त्र नेसून पूजा झाली, पत्रावळी मिळत नाहीत म्हणून ताटे मांडली, गणपती पाच दिवसांचा दीड दिवसाचा झाला कारण घरात माणसे नाहीत, तर ती त्याची रेशमाची टोपी आहे. पण वाकून करायचा नमस्कार बसल्या जागेवरून मान हलवून होऊ लागला, कारण वाकणे आता कमीपणाचे वाटते, तर ती वरच्या पायरीवरची गोष्ट झाली. आपल्या धर्मशास्त्रात देशकालानुसार विकल्प पुष्कळ आहेत. पण विकल्प घेणाऱ्याच्या मनात काटकसर आहे की मिजास, असे तपासणारा हा गज मला तरी तिथे इतक्या सोप्या रूपात सापडला नाही. तो आपला नाही, म्हणूनच तो आपल्या उपयोगाचा आहे.

कन्फ्यूशियसचे सगळे पटावे असेही नाही. त्याच्यानंतर आलेल्या मो-त्सेने त्याच्या अनुयायांना धारेवर धरले. थाटाची अंत्ययात्रा आणि तीन वर्षांचे सुतक यांनी उपाशी माणसाला काय मिळते, असा त्याचा रोख होता. लोकहितवादींची शतपत्रे वाचलेल्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. मेन्शियसने आणखी पुढे जाऊन विचारले की मुळात माणूस विधी आणि माया शिकतो तरी कशाच्या बळावर. आणि उत्तर म्हणून विहिरीत पडू पाहणारे मूल दाखवले. ते पाहून कोणाच्याही काळजात धस्स होते, आणि ते मुलाच्या आईबापांकडून काही मिळेल म्हणून नव्हे. हा वाद इ.स.पू. २२१ मध्ये छिन सत्तेने सगळी राज्ये जिंकेपर्यंत चालू होता. म्हणजे ज्या शतकांत आपल्याकडे बुद्ध, महावीर आणि त्यांचे प्रतिपक्षी वाद घालत होते, साधारण त्याच शतकांत तिकडेही वाद चालला होता. आपला प्रश्न बहुधा दुःखातून सुटावे कसे, हा होता. त्यांचा प्रश्न, माणसांनी एकत्र राहावे कसे, हा.

आणि हा अभ्यास संपलेला नाही. १९७३ मध्ये मावांगत्वे येथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेल्या थडग्यात रेशमावर लिहिलेल्या लाओ-त्सेच्या दोन प्रती निघाल्या. त्यांत ग्रंथाचा उत्तरार्ध आधी आहे. १९९३ मध्ये क्वोत्येन येथे बांबूच्या पट्ट्यांवरचा त्याहून जुना, अपुरा पाठ सापडला. मावांगत्वेच्या प्रतीवरून कळले की पहिल्याच वाक्यातला 'नित्य' या अर्थाचा एक शब्द पुढे बदलला गेला होता, कारण तो एका हान बादशहाचे नाव होता आणि ते उच्चारणे वर्ज्य होते. नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या आजीच्या हातचे जेवलेल्या आपल्याला यात नवल वाटू नये. उखाण्याशिवाय नाव घेता येत नव्हते, तसे बादशहाच्या नावाशिवाय तत्त्वज्ञान लिहावे लागले.

शेवटी पुन्हा त्या एका शब्दाकडे येतो. ह्युएन त्संगने 'मार्ग' निवडला आणि बापटांनी तोच परत आणला. दोघेही बरोबर होते. तरीही 'मार्ग' म्हटले की आपल्या मनात मुक्काम आधीच ठरलेला असतो. ज्ञानमार्ग, भक्तिमार्ग, मोक्षमार्ग. ताओला असा मुक्काम नाही. च्वांग-त्सेच्या ग्रंथात, वाट ही चालण्यामुळेच वाट होते, अशा अर्थाचे बोलणे आहे. त्यासाठी मराठीत 'मार्गा'हून साधा आणि जवळचा शब्द आहे: वाट. ती कोणी बांधत नाही, पडते. ती मळते, मोडते, चुकते. आपण ती धरतो, सोडतो, पाहतो. घाटरस्ता कोणत्या खात्याने केला हे सांगता येते. पण रानातली पायवाट कोणाची, याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही. सुपे गाव काळीच्या धरणाखाली गेले आणि तालुक्याची कचेरी जोयड्याला आली तेव्हा कितीतरी जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. नव्या कोणी आखल्या नाहीत. माणसे चालली, म्हणून त्या पडल्या.

कामरूपच्या राजाने मागितलेला लाओ-त्से भारतात आला की नाही, याचा पत्ता नाही. पण ती मागणी जुनी झालेली नाही. तुमच्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी चिनी शिकत असेल, बहुधा नोकरीसाठी, तर तिला बापटांचे नाव जरूर सांगा. आणि 'लुन यू'तला टोपीचा तो प्रसंग मुळातून वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगायला लावा. आजीला समोर बसवून.